व्हिडिओ स्वच्छ, पण त्यातून काढलेला फोटो धूसर: नेमकं कुठे बिनसतं?

व्हिडिओ चालू असतो तेव्हा सगळं लख्ख दिसतं. चेहरा, कपाळावरची बट, मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा. मग हवा तो क्षण येतो, आपण घाईने पॉज दाबतो, स्क्रीनशॉट घेतो आणि हाती लागतो तो फोटो धूसर, हललेला, कडा फुटलेला. दोन-चारदा पुन्हा करून पाहिलं तरी तेच. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि स्वतःही तिच्याशी बरीच वर्षं झगडलो आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझ्यासाठी या सगळ्याचं कारण आजोबा. फोटो काढायचा म्हटलं की ते ताठ बसायचे आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचे. त्यांचं मोकळं हसू एकाच ठिकाणी सापडतं: २००३ सालच्या मिनी डीव्ही टेपवर (जुन्या कॅमकॉर्डरची छोटी कॅसेट), जेमतेम ११ सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, धरली तर २७५ फ्रेम. त्यांतून एक धड फोटो मिळवायचा होता, आणि या विषयातल्या बहुतेक सगळ्या अडचणी मला त्या एकाच क्लिपमध्ये भेटल्या.

सगळ्यात आधी स्क्रीनशॉट सोडा

दहांतल्या आठ जणांची अडचण इथेच मिटते असा माझा अनुभव आहे. स्क्रीनशॉट घेतला की आपल्याला मिळतो तो पडद्याचा फोटो. फाइलमधली फ्रेम ती वेगळी. ४के व्हिडिओची फ्रेम ३८४० बाय २१६० पिक्सेलची असते, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर त्यावर साडेदहा लाखच मावतात. स्क्रीनशॉट घेताक्षणी आठ हिश्शांतले सात हिस्से गेले, आणि ते परत येत नाहीत. उलटही होतं. लहान व्हिडिओ मोठ्या पडद्यावर ताणून दाखवला जातो, त्याचा स्क्रीनशॉट आकड्यांत मोठा दिसतो, पण तपशील तेवढाच राहतो, वर ताणल्याचा मऊपणा येतो. शिवाय प्लेची खूण, खालची पट्टी, सबटायटल हे सगळं फोटोत उमटण्याची भीती आहेच.

म्हणून फ्रेम थेट फाइलमधून घ्यायची. व्हीएलसी प्लेअर बहुतेकांकडे असतो. त्यात व्हिडिओ थांबवून 'ई' ही कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. हवी ती फ्रेम आली की विंडोज किंवा लिनक्सवर शिफ्ट आणि 'एस', मॅकवर कमांड, ऑप्शन आणि 'एस'. वेगळं काही ठरवलं नसेल तर फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये जातो. फोटोचा प्रकार प्रेफरन्सेसमधल्या व्हिडिओ विभागात पीएनजी आहे ना, हे एकदा बघून घ्या. जेपेग असेल तर आधीच दाबलेलं, म्हणजे जागा वाचवायला तपशील गाळून बारीक केलेलं चित्र पुन्हा एकदा दाबलं जातं.

व्हीएलसीच्या ३ नंबरच्या आवृत्तीत एकेक फ्रेम मागे जायला कळ नाही. हवा तो क्षण एका फ्रेमने निसटला की थोडं मागे जाऊन परत पुढे यावं लागतं, आणि याने माणूस वैतागतो. एमपीव्ही नावाचा एक साधासा प्लेअर आहे, तो मला या कामासाठी जास्त आवडतो. पूर्णविरामाच्या कळेने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे. लहान 'एस' दाबलं तर सबटायटलसह फोटो, मोठं 'एस' दाबलं तर त्याशिवाय.

फोनवर असाल तर गॅलरीतच बघा. गुगल फोटोजमध्ये व्हिडिओ एडिटला घेतला की एक्स्पोर्ट फ्रेम हा पर्याय मिळतो, आणि काही कंपन्यांच्या गॅलरीत व्हिडिओ चालू असतानाच फ्रेम उचलण्याचं बटण असतं. संगणकावरच्या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमांपैकी प्रीमिअर प्रोमध्ये मॉनिटरखाली कॅमेऱ्याची खूण असते, दा विंची रिझॉल्व्हमध्ये कलर पेजवर ग्रॅब स्टिल असतं.

मी स्वतः मात्र एफएफएमपेग वापरतो. ते टाइप करून चालवायचं साधन आहे, त्यामुळे सुरुवातीला परकं वाटतं. पण 'या वेळेपासून पुढचे दोन सेकंद सगळ्या फ्रेम पीएनजी करून दे' एवढं सांगितलं की ५० फोटो फोल्डरमध्ये येऊन पडतात. मग प्लेअरच्या कळांशी झटापट संपते आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून शांतपणे निवड करता येते. जेपेगच हवे असतील तर दर्जाचा आकडा स्वतः द्या. तिथे मोजपट्टी उलटी आहे, २ म्हणजे उत्तम आणि ३१ म्हणजे वाईट. आकडा न देता घेतलेले जेपेग पाहून अनेकांनी त्या बिचाऱ्या साधनाला बोल लावले आहेत.

आणखी एक. तुमच्याकडची फाइल मूळ आहे का? मेसेजिंग अ‍ॅपवरून फिरत आलेला व्हिडिओ वाटेत बारीक केलेला असतो. ज्याने शूट केला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. खाली दिलेल्या कोणत्याही उपायापेक्षा हा फोन करणं जास्त फळतं.

फ्रेम थेट काढली, तरी चित्र डागाळलेलं

आता खरी गोम. चालत्या व्हिडिओत आपला डोळा एक फ्रेम बघतच नाही. तो शेजारच्या अनेक फ्रेमांमधून एक चित्र मनात जुळवतो. एका फ्रेममधला कण (चित्रावरचा रवाळपणा) पुढच्या फ्रेममध्ये नसतो, म्हणून तो जाणवत नाही. व्हिडिओ थांबवला की तो आधार जातो आणि एकटी फ्रेम जशी आहे तशी समोर येते.

ती किती दाबलेली असते याचा हिशेब करून बघा. समजा फोनचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला ६० एमबी जागा घेतो आणि सेकंदाला ३० फ्रेम आहेत. मिनिटाच्या १८०० फ्रेम झाल्या. एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ३३ केबी. तेवढ्याच पिक्सेलचा साधा जेपेग फोटो सहज याच्या दहापट जागा घेतो.

पण ही वाटणी सगळ्या फ्रेमांना सारखी नसते, आणि आपला फायदा तिथेच आहे. आजच्या व्हिडिओंत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम साठवलेली असते, तिला आय-फ्रेम किंवा कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये 'आधीच्यापेक्षा काय बदललं' तेवढंच लिहिलेलं असतं, त्या पी आणि बी फ्रेम. आय-फ्रेमला जागा बरीच जास्त मिळते, त्यामुळे तिच्यात गालाचा पोत, कापडाची वीण असं बारीक काम टिकून राहतं. एमपीव्हीच्या नव्या आवृत्त्यांत 'आय' कळ दाबली की माहितीपट्टी येते, तीत समोरची फ्रेम कोणत्या प्रकारची आहे ते कळतं.

याचा अर्थ दरवेळी आय-फ्रेमच घ्यायची असा नाही. ती नेमकी डोळे मिटलेल्या क्षणी आली तर काय उपयोग? मी करतो ते असं: हव्या क्षणाच्या आधीच्या आणि नंतरच्या मिळून वीसेक फ्रेम काढतो, त्या शंभर टक्के आकारात बघतो आणि चेहऱ्याऐवजी आधी भिंत आणि बाही बघतो. दाबण्याचे चौकोनी डाग सपाट भिंतीवर लगेच दिसतात. ज्या फ्रेमांत भिंत स्वच्छ, त्या बाजूला काढायच्या. मग त्यांतून चेहरा निवडायचा. पापणी लवायला दशांश सेकंदापासून चार दशांश सेकंदापर्यंत वेळ लागतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे तीन ते दहा फ्रेम. त्यामुळे 'दर वेळी डोळे अर्धवटच येतात' यात नशिबाचा भाग नाही, आपण थोडं पुढे गेलो की उघडे डोळे मिळतात.

सगळं स्थिर, फक्त हात पुसट

इथे फाइलचा दोष नाही, चित्रीकरणाचा आहे. व्हिडिओ डोळ्याला सलग वाटावा म्हणून शटरचा, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ फ्रेमच्या वेळेच्या निम्मा ठेवण्याची जुनी रीत आहे. २५ फ्रेम असतील तर सेकंदाचा ५०वा हिस्सा. तेवढ्या वेळात किती हालचाल होते ते पाहा. उडी मारणाऱ्या मुलाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल, तर शटर उघडं असताना तो चार सेंटिमीटर सरकतो. फुल एचडी चौकटीत दोन मीटर रुंदी मावली असेल तर ते झाले ३८ पिक्सेल. म्हणजे बोटांच्या जागी ३८ पिक्सेल लांबीचा फराटा. चालत्या व्हिडिओत तोच फराटा सुंदर वाटतो, फोटोत तो खटकतो.

एकदा असा फराटा उमटला की तो पुसता येत नाही. धार वाढवणारे फिल्टर लावले तर हाताभोवती पांढरी किनार तेवढी येते. त्याऐवजी हालचालीचा विसावा शोधा. उडीच्या सर्वोच्च टोकाला शरीर क्षणभर थांबल्यासारखं होतं. हात वर नेऊन खाली आणताना दिशा बदलते तिथे वेग शून्य होतो. हसणारा माणूस मान मागे टाकतो तेव्हा मागे गेलेली मान परत यायच्या आधी थबकते. प्रत्येक हालचालीत अशी जागा असतेच, आणि फ्रेम एकेक करून पुढे गेलं की ती हमखास सापडते. माझ्या मते व्हिडिओतून फोटो काढण्याचं खरं कसब हेच आहे, बाकी सगळं कळा दाबणं.

पुढच्या वेळी शूट करतानाच फोटो हवे आहेत हे माहीत असेल तर शटर २५०व्या हिश्श्यावर किंवा त्याहून जलद ठेवा. फोनच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये किंवा वेगळ्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ते करता येतं. व्हिडिओ थोडा तुटक वाटेल, त्याची तयारी ठेवा. उन्हात हे निर्धास्त करा. घरातल्या विजेच्या दिव्यांखाली मात्र जपून, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर फार जलद ठेवलं की फ्रेमवर आडवे काळपट पट्टे येतात. तिथे १००वा हिस्सा ठेवून प्रकाश वाढवणं बरं.

कडांना कंगव्याचे दात

आजोबांच्या क्लिपमधली पहिली फ्रेम उघडली तेव्हा मी हबकलो होतो. चेहरा ठीक होता, पण चष्म्याच्या दांडीला कंगव्यासारखे दात आले होते. एक ओळ डावीकडे, पुढची उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कानाची कडही तशीच. टेप खराब झाली असं वाटून मी ती दोनदा परत उतरवली. टेप अगदी ठणठणीत होती.

जुने कॅमकॉर्डर पूर्ण फ्रेम एकदम टिपत नसत. आधी एकाआड एक ओळी टिपत, मग सेकंदाच्या ५०व्या हिश्श्यानंतर उरलेल्या. अशा दोन अर्ध्या चित्रांना फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेसिंग. मधल्या वेळात मान हलली तर दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत बसत नाहीत, आणि दात दिसतात. नावात आकड्यापुढे 'आय' असलेला व्हिडिओ, जसं १०८० आय, याच जातीचा. 'पी' असेल तर ही अडचण येत नाही.

उपाय डीइंटरलेस करण्याचा, म्हणजे या अर्ध्या चित्रांतून सलग चित्र बनवण्याचा. व्हीएलसीत व्हिडिओ मेन्यूमध्ये तो चालू करता येतो, आणि तिथल्या पर्यायांत याडिफ निवडा. नुसती एकाआड एक ओळ काढून टाकणारे पर्याय टाळा, त्यात निम्मा तपशील फुकट जातो. याडिफ आणि एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर जिथे चित्र स्थिर आहे तिथे दोन्ही फील्डचा विचार करतात आणि जिथे हलतंय तिथेच अंदाजाने ओळी भरतात.

यात एक लपलेला लाभ आहे. प्रत्येक फील्ड हा वेगळा क्षण असल्यामुळे दुप्पट गतीने डीइंटरलेस केलं की २५ ऐवजी सेकंदाला ५० चित्रं मिळतात. माझ्या २७५ फ्रेमांच्या ५५० झाल्या. जो फोटो शेवटी निवडला तो मूळ २७५ मध्ये नव्हताच, दोन फ्रेमांच्या मधल्या फील्डमध्ये होता.

टेपवाल्यांसाठी अजून एक. माझ्याकडे आधी याच टेपची कुणीतरी उतरवून दिलेली डीव्हीडी होती आणि मी महिनाभर तिच्यावरच डोकं फोडत होतो. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, तेही फ्रेमा एकमेकींवर अवलंबून ठेवून. डीव्ही टेपवर २५ मेगाबिट असतात आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, तिच्या वाट्याला सरळ १२५ केबी येतात. टेप जपलेली असेल आणि फायरवायरचं (डीव्ही कॅमेरा जोडायच्या जुन्या डिजिटल तारेचं) पोर्ट असलेला कॅमेरा नि संगणक मिळवता येत असेल, तर तिथूनच उतरवा. फायरवायरवरून टेपवरचे आकडे जसेच्या तसे येतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी उतरवलं तर चित्र एकदा अ‍ॅनालॉग होऊन परत येतं आणि तेवढं मऊ पडतं.

चेहरे लांबोळके किंवा चपटे

प्लेअरमध्ये माणसं ठीक, काढलेल्या फोटोत मात्र ताणलेली, असं झालं तर पिक्सेल चौकोनी नाहीत असं समजा. पाल पद्धतीची (भारतातल्या जुन्या टीव्हीची) डीव्ही फ्रेम ७२० बाय ५७६ असते, पण दाखवताना ती ७६८ बाय ५७६ अशी करावी लागते, रुंद पडद्याची असेल तर १०२४ बाय ५७६. एचडीव्ही (टेपवर एचडी टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांची फ्रेम १४४० बाय १०८० साठवलेली असते आणि दिसताना १९२० बाय १०८०. प्लेअर हे गुपचूप करतो, काही साधनं फ्रेम काढताना करत नाहीत. फोटो एडिटरमध्ये रुंदी आणि उंचीचं कुलूप काढून फक्त रुंदी वाढवा. उंची कमी करून जुळवू नका, त्यात ओळी वाया जातात.

फोटो आडवा पडून येत असेल तर ते किरकोळ आहे. फोन उभा धरून घेतलेल्या व्हिडिओत 'हे फिरवून दाखव' एवढी नोंद असते, ती त्या साधनाने वाचली नाही. फिरवून सेव्ह करा.

रंग धुतल्यासारखे

यात दोन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात, त्यामुळे घोळ होतो.

पहिलं दुखणं जुनं. व्हिडिओत काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवण्याची पद्धत आहे, फोटोत ० आणि २५५. साधनाने हे रूपांतर केलं नाही की काळे केस राखाडी दिसतात आणि फोटोवर धुकं पसरल्यासारखं वाटतं. एडिटरमधलं लेव्हल्स उघडा, काळ्याचा बिंदू १६ वर आणि पांढऱ्याचा २३५ वर आणा, धुकं उडून जाईल. याच्या उलट झालं, म्हणजे सावल्या एकदम काळ्याठिक्कर आल्या, तर मात्र फोटोत काही दुरुस्त करता येत नाही, कारण तो तपशील कापला गेलेला असतो. परत व्हिडिओकडे जाऊन दुसऱ्या साधनाने फ्रेम काढायची.

दुसरं दुखणं नव्या फोनांचं. एचडीआर (उजेड-सावलीतला जास्त फरक टिपणारी सोय) चालू ठेवून घेतलेला व्हिडिओ १० बिटचा असतो, त्यात प्रकाशाची नोंद वेगळ्या वक्राने केलेली असते. तो वक्र न ओळखणाऱ्या साधनाने फ्रेम काढली की सगळं फिकट, उदास दिसतं. इथे लेव्हल्सने थोडं सुधारतं, पण त्वचेचे रंग बसत नाहीत. ज्या फोनवर शूट केलं त्याच्याच गॅलरीतून फ्रेम काढून बघा, बहुतेकदा तिथे नीट येते. नाहीतर रिझॉल्व्हसारख्या प्रोग्रॅममध्ये टोन मॅपिंग करून, म्हणजे तो वक्र साध्या चित्राला जुळवून, मग काढा. आणि फोटोच हवे असतील तर शूट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा.

चेहरे किंचित लालसर किंवा हिरवट, एवढाच फरक असेल तर जुन्या एसडी (टेप आणि डीव्हीडीच्या दर्जाच्या) आणि नव्या एचडी व्हिडिओच्या रंगगणितांची अदलाबदल झाली आहे. एसडीचं ६०१, एचडीचं ७०९. साधनात कलर मॅट्रिक्सचा पर्याय असेल तर दुसरा निवडून बघा.

पूर्ण काळा, हिरवा, किंवा करडा चिखल

हिरवी फ्रेम आली तर आधी ग्राफिक्स कार्डावर संशय घ्या. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट आणि कोडेक्स विभागात हार्डवेअर डीकोडिंग बंद करा आणि पुन्हा घ्या. व्हिडिओत मध्येच उडी मारल्यावर करडा चिखल दिसत असेल, तर डीकोडरला, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणाऱ्या भागाला, मागची कीफ्रेम मिळालेली नाही. दहा सेकंद मागे जाऊन व्हिडिओ चालू द्या आणि हवी ती जागा चालत चालत गाठा. ऑनलाइन चित्रपट सेवांचा स्क्रीनशॉट काळा येतो तो मुद्दाम. तो संरक्षित मजकूर आहे, तिथे बिघाड शोधू नका.

किती मोठा छापता येईल?

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. फुल एचडी फ्रेम म्हणजे ६.४ बाय ३.६ इंच. ४के म्हणजे १२.८ बाय ७.२ इंच, हे चौकटीत लावण्याजोगं आहे. पॅनासॉनिकने २०१४ पासून काही कॅमेऱ्यांत ४के फोटो नावाचा मोडच दिला, तो याच तत्त्वावर: सेकंदाला ३० फ्रेम, प्रत्येक ८ मेगापिक्सेलची, नंतर बसून निवडा. आजोबांची फ्रेम ७६८ बाय ५७६ ची, म्हणजे जेमतेम अडीच इंच बाय दोन इंच.

अशी लहान आणि कणीदार फ्रेम असेल तर एक उपाय मनापासून सुचवतो. माणूस काही क्षण स्थिर असेल तर त्या सलग फ्रेमा एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायची. कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, चेहरा मात्र तिथेच. ४ फ्रेमा घेतल्या की कण निम्मा होतो, ९ घेतल्या की एक तृतीयांश, १६ घेतल्या की पाव. ग्रहांचे फोटो घेणारे आकाशनिरीक्षक हेच करतात, दुर्बिणीतून व्हिडिओ घेतात आणि त्यातल्या उत्तम फ्रेमा निवडून रचतात. फोटोशॉपमध्ये फ्रेमा एका फाइलमध्ये थर म्हणून आणा, ऑटो अलाइन करा, सगळ्यांचं स्मार्ट ऑब्जेक्ट बनवा आणि स्टॅक मोड मीन (सरासरी) निवडा.

फोनच्या व्हिडिओत याचा लाभ गणितापेक्षा कमी मिळतो. तिथली पी-फ्रेम मागच्या फ्रेममधला भाग उचलून आणते, त्याबरोबर कणही उचलून आणते, मग सरासरी काढून तो पुरेसा पुसला जात नाही. डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे उत्तम जमतं. आजोबा हसून थांबले तिथे नऊ चित्रं जवळजवळ सारखी होती. ती रचली तेव्हा कपाळावरच्या तीन आठ्या वेगवेगळ्या दिसू लागल्या. एका फ्रेममध्ये तिथे नुसती सावली होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो मोठा करणारी साधनंही मी वापरून पाहिली. भिंत, झाड, कपडे यांच्यासाठी ती चांगली आहेत. चेहऱ्यासाठी, आणि विशेषतः आता नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी, मी ती वापरू नका असंच सांगेन. आजोबांच्या डाव्या गालावर चामखीळ होती, ती त्या साधनाने कणी समजून पुसून टाकली. पुढच्या दोन दातांत फट होती, तिथे सरळ रांगेतले दात बसवले. फोटो देखणा झाला होता. आत्याने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कोण रे?"

फोटो अल्बममध्ये आजच्या तारखेला जातो

हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. कॅमेऱ्याच्या फोटोत तारखेची नोंद आत असते. व्हिडिओतून काढलेल्या फ्रेममध्ये ती सहसा येत नाही, म्हणून अल्बम फाइल बनल्याची तारीख धरतो आणि वीस वर्षांपूर्वीचा माणूस कालच्या फोटोंमध्ये जाऊन बसतो. एक्झिफटूल या मोफत साधनाने खरी तारीख लिहिता येते, फोनच्या गॅलरीतही तारीख बदलायची सोय असते. एमपी४ व्हिडिओतली वेळ बघून लिहिणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की ती सहसा जागतिक प्रमाणवेळेत असते. रात्री उशिराच्या व्हिडिओची तारीख त्यामुळे एक दिवस मागेपुढे होऊ शकते.

डीव्ही टेपवर चित्रीकरणाची तारीख आणि वेळ प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेली असते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असलं तर. आमच्या कॅमेऱ्याचं लावलेलं होतं. १४ डिसेंबर २००३, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नऊ चित्रं रचून झालेला फोटो मी दोनशे पिक्सेलला इंच या हिशेबाने छापला, पोस्टकार्डापेक्षा लहान, आणि त्याच्या फाइलमध्ये तीच तारीख आणि वेळ लिहिली. एक प्रत आत्याच्या पर्समध्ये आहे, चामखीळ आणि दातांतल्या फटीसकट.